आजार दिसण्याआधीची वर्षं

मार्च १९४६. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये एकाच आठवड्यात जन्मलेल्या पाच हजारांहून अधिक बाळांची नोंद संशोधकांनी ठेवली आणि पुढे त्यांच्या वाढीचा माग घेतला. त्यांतल्या ३० जणांना मोठेपणी स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार झाला. पीटर जोन्स आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये या नोंदी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडल्या. ही मुलं सरासरीनं थोडी उशिरा चालू लागली होती. चौथ्या-सहाव्या वर्षी त्यांना एकट्यानं खेळणं अधिक आवडे. आठ, अकरा आणि पंधराव्या वर्षीच्या शालेय चाचण्यांत ती किंचित मागे होती.

मात्र हा फरक सरासरीचा आहे. एकलकोंड्या किंवा गुण कमी पडणाऱ्या बहुतेक मुलांना असा आजार कधीच होत नाही, त्यामुळे कुणा एका मुलावर शिक्का मारणं सरळ अन्यायाचं ठरेल.

डॉक्टर मात्र स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचा आजाराआधीचा हा इतिहास आवर्जून विचारतात. १९८२ पासून त्यासाठी एक प्रमाणित मोजपट्टी आहे. मैत्री, मिसळणं, अभ्यास, शाळेशी जुळवून घेणं, हे सारं ती वयोगटानुसार तपासते.

पालकांनी लक्ष ठेवावं ते बदलावर. मित्रांत रमणारा मुलगा महिनोन्‌महिने खोलीबाहेर येत नसेल, हुशार मुलगी अचानक कॉलेज टाळत असेल, सोबत विनाकारण संशय, झोपेची उलथापालथ असेल, तर त्याला आळस म्हणू नये. लवकर उपचार मिळाले तर शिक्षण आणि नाती टिकण्याची शक्यता वाढते. 'टेली-मानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं. शंका असेल तर आजच फोन करा.