स्थित्यंतराचा काळ व आपला उत्कर्ष

(चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील कामगार कुटुंबांच्या महोत्सवी मेळाव्यात धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी गतकाळाचे गुणगान करावे, अशी रीत आहे. परंतु आज तुम्हांपैकी पुष्कळांच्या मनात गतकाळापेक्षा उद्याची चिंता अधिक आहे. कोणाचे काम कंत्राटी, कोणाच्या खात्यात नवे यंत्र आलेले, कोणाचा मुलगा पुण्याच्या वाटेवर. अशा वेळी "संकट हेच भाग्य" असे तुम्हांस सांगणे निष्ठुरपणाचे होईल. ज्याची चूल थंड आहे, त्यास उपदेशाआधी भाकर हवी. तथापि उलथापालथीच्या काळात माणूस खचतो तसा वाढतोही, आणि ही वाढ कशाने होते, याचा विचार आपण आज करू. त्याकरिता दूर जावयास नको. सोलापूर नगरीचा इतिहासच पुरेसा आहे.

सोलापुरातील पहिली कापडगिरणी, जिला आपण जुनी मिल म्हणतो, ती १८७७ साली सुरू झाली. हा काळ दख्खनच्या महादुष्काळाचा होता. १८७६ ते १८७८ या वर्षांत शेते ओसाड पडली होती आणि त्याच वेळी येथे भोंगा वाजू लागला. ज्या हातांनी आजवर नांगर धरला होता, त्यांनी धोटा व कांडी हाताळावयास शिकावे लागले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली बंधूंनी आपली विणकरीची विद्या येथे आणली व रुजविली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि सोलापूर हे गिरणगाव झाले.

परंतु जे उभे राहिले ते कायम राहिले नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये जुन्या मिलचे दरवाजे बंद झाले. हजारो घरांवर आलेला तो घाला एवढा मोठा होता की, जानेवारी १९५० मध्ये मध्यवर्ती सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपल्या हाती घेतला. तरीही ती गिरणी पुढे कायमची बंद पडलीच आणि कालांतराने इतर गिरण्याही एकेक करून थंडावल्या. मात्र विणण्याची विद्या गिरणीबरोबर बुडाली नाही. ती घरोघरच्या यंत्रमागांवर गेली. जॅकार्डच्या साहाय्याने नक्षी उठविणारी सोलापुरी चादर व येथील टॉवेल देशोदेशी पोहोचले. यातून पहिला बोध असा की, यंत्र मालकाचे असते, इमारत मालकाची असते, पण हातातील कसब व डोळ्यांतील पारख ही कामगाराची स्वतःची मिळकत होय. तिच्यावर कोणास टाळे ठोकता येत नाही.

दुसरा बोध आपल्या भगिनींकडून घेऊ. गिरण्या बंद झाल्यावर कित्येक घरांची चूल गृहिणींच्या विड्यांवर पेटत राहिली. पान कातरावे, तंबाखू भरावी, सुताने बांधावे, असे हे काम. मजुरी तुटपुंजी, आणि तंबाखूच्या धुळीने छाती भरलेली. या श्रमाचे मी गोडवे गाणार नाही. परंतु याच स्त्रिया कामगार पुढारी श्री. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली एकत्र आल्या, त्यांनी कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने सहकारी गृहसंस्था उभारली, आणि कुंभारी येथे दहा हजार घरे बांधून झाली. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचे हस्तांतरण झाले. सहकारी संस्था म्हटली की सभा आल्या, हप्ते आले, बँकेचे कागद आले, सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या आल्या. एकटी विडी वळणारी बाई हे सारे कोठून शिकणार? ती संघटनेत शिकली. एकट्यास जे ओझे वाटते, तेच दहाजणांत शिक्षण होते.

तिसरे उदाहरण सोलापूरच्या सुपुत्राचे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म येथे १९१० साली झाला. १९३८ साली युद्धग्रस्त चीनमध्ये गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते. इतर परतले, ते राहिले. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, तुटपुंज्या साधनांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, नवशिक्यांस वैद्यक शिकविले, आणि १९४१ साली बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांजकडे आले. डिसेंबर १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांस मृत्यू आला. शांततेच्या काळात ते कदाचित सुखी व संपन्न डॉक्टर झाले असते. परंतु आपल्या विद्येची खरी गरज कोठे आहे, हे त्यांनी ओळखले व तेथेच ते वाढले. "माझे काय होईल?" या प्रश्नाशेजारी "माझा कोणास उपयोग होईल?" हा प्रश्न ठेवला की मनुष्याची उंची बदलते.

आपणां ख्रिस्ती जनांस हे नवीन नाही. सम्राट क्लौदियाने यहूद्यांस रोममधून घालवून दिले, तेव्हा अक्विला व त्याची पत्नी प्रिस्किल्ला करिंथ नगरीत आली. तंबू करण्याचा धंदा तेवढा त्यांच्यासोबत होता. त्याच धंद्यामुळे संत पौल त्यांच्या घरी राहून काम करू लागला, आणि पुढे याच निर्वासित दांपत्याने अपुल्लोसारख्या विद्वानास शिकविले. त्यांचे घर गेले, धंदा हाती राहिला, आणि त्या धंद्याने त्यांस नवे सोबती दिले.

आता आपल्या वसाहतीकडे वळू. येथे रसायनांचे, औषधांचे, कापडाचे कारखाने आहेत. आपण ज्या यंत्रावर उभे आहोत त्याच्या शेजारचे यंत्रही समजून घ्यावे. केलेल्या कामाचा दाखला व भविष्यनिर्वाह निधीचे कागद नीट जपावेत. ज्याचे काम सुटले त्यास "देवाची इच्छा" एवढे म्हणून वाटेस लावू नये. त्याच्या हक्काच्या पैशाकरिता त्याच्यासोबत कचेरीत जावे. देवाच्या नावाखाली अन्याय झाकणे हे पाप होय. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांविषयी विश्वपत्र लिहिले, तेव्हापासून न्याय्य वेतनाचा आग्रह हा ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचा भागच आहे.

माझी एक विनंती आहे. या महोत्सवाचे स्मारक दगडाचे नसावे. आठवड्यातील एक सायंकाळ आपण राखून ठेवू. त्या दिवशी जुन्या जाणत्या कारागिरांनी तरुणांस यंत्राचा आवाज ऐकून बिघाड कसा ओळखावा हे शिकवावे, तरुणांनी वडीलधाऱ्यांस संगणकावर अर्ज कसा भरावा हे दाखवावे, आणि भगिनींनी हिशेब व सभेचे कामकाज समजावून द्यावे. ताणा एकट्याने वस्त्र होत नाही आणि बाणाही एकट्याने होत नाही. उद्या कोणाचा माग थांबेल हे आपणांस ठाऊक नाही. थांबला तर त्या घरी रात्र पडण्यापूर्वी कोणीतरी जाऊन पोहोचेल, एवढे मात्र आपल्या हाती आहे.

परमेश्वर आपल्या हातांस काम व अंतःकरणास धीर देवो.