माटुंग्याच्या प्रयोगशाळेचे यश

मुंबई विद्यापीठाने १ ऑक्टोबर १९३३ रोजी रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. गिरण्यांच्या शहराला कापड रंगवण्याचे शास्त्र जाणणारी माणसे हवी होती, आणि रसायनांचे कारखाने उभारू शकणारे अभियंतेही. १९४३मध्ये विभाग माटुंग्याला आला. २००८ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि ‘इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी’ हे नाव रूढ झाले. रसायन उद्योगातली जुनी मंडळी मात्र आजही ‘यूडीसीटी’ (युनिव्हर्सिटी डिपार्टमेंट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) हे जुने नावच घेतात.

या संस्थेचे यश समजून घ्यायचे तर पुरस्कारांच्या यादीपेक्षा तिची गुरुपरंपरा पाहावी. केंब्रिजहून पीएच.डी. करून आलेले मनमोहन शर्मा १९६४मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, येथे प्राध्यापक झाले. वायू आणि द्रव एकमेकांत मिसळताना अभिक्रिया किती वेगाने होते, हा त्यांचा विषय. खत, औषध, रंग असा जवळजवळ कोणताही कारखाना घेतला तरी हा प्रश्न तिथे येतोच. म्हणून त्यांचे विद्यार्थी फळ्यावरचे समीकरण घेऊन थेट संयंत्रापाशी जाऊ शकले. १९९०मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्यांचे सुरुवातीचे विद्यार्थी, गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर, यांना हाच मान १९९८मध्ये मिळाला. जे. बी. जोशी आणि जी. डी. यादव हेही शर्मांचेच विद्यार्थी. दोघांनी पुढे संस्थेची धुरा वाहिली. उत्प्रेरकांवर आणि हरित रसायनशास्त्रावर काम करणारे यादव २०२२मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचे आंतरराष्ट्रीय सदस्य म्हणून निवडले गेले.

तिसऱ्या पिढीतले अनिरुद्ध पंडित २०१९मध्ये कुलगुरू झाले. त्यांचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. नळातून वाहणारे पाणी अरुंद छिद्रातून ढकलले की त्याचा वेग वाढतो आणि दाब घसरतो. दाब पुरेसा उतरला की पाण्यात बाष्पाचे बारीक बुडबुडे उठतात. पुढे नळ रुंद होताच दाब पुन्हा चढतो आणि बुडबुडे आत कोसळतात. त्या सूक्ष्म जागेत निमिषभर तापमान हजारो अंशांपर्यंत जाते, पाण्याच्या रेणूंचे तुकडे होतात, आणि त्यातून निघालेले क्रियाशील मूलक सांडपाण्यातली चिवट सेंद्रिय द्रव्ये तोडतात. जंतूंच्या पेशीही या माऱ्यात फाटतात. पंप चालवणाऱ्यांना हीच घटना शत्रूसारखी वाटते, कारण ती पंपाची पाती कुरतडते. ज्या उपद्रवापासून उद्योग पळत होता, त्यालाच पाणी शुद्ध करायला जुंपणे ही खऱ्या अभियंत्याची दृष्टी आहे.

अरविंद लाली यांच्या गटाने शेतातल्या काडीकचऱ्याकडे असेच पाहिले. गव्हा-भाताच्या पेंढ्यातली शर्करा सेल्युलोजच्या रूपात घट्ट बांधलेली असते. ती सोडवायला आधी रासायनिक प्रक्रिया, मग विकरे आणि शेवटी किण्वन लागते. विकरे महाग, ती परत मिळवून पुन्हा वापरण्यावर या गटाने भर दिला. या तंत्रावर आधारलेले, दिवसाला १० टन जैवभार वापरणारे प्रात्यक्षिक संयंत्र २०१६मध्ये उत्तराखंडातल्या काशीपूर येथे सुरू झाले.

माजी विद्यार्थ्यांमध्ये ‘डॉ. रेड्डीज’चे संस्थापक अंजी रेड्डी आहेत, तसेच मुकेश अंबानीही आहेत. प्रा. शर्मा यांच्या चरित्राच्या प्रकाशनाच्या वेळी, जून २०२५मध्ये, अंबानी यांनी गुरुदक्षिणा म्हणून संस्थेला १५१ कोटी रुपयांची देणगी जाहीर केली. ती विनाअट आहे, हे विशेष महत्त्वाचे. मूलभूत संशोधनाला अशा मोकळ्या पैशाची नेहमीच चणचण असते.

२०१८पासून जालना आणि भुवनेश्वर येथे संस्थेची केंद्रे चालतात. तिथल्या पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमात कारखान्यातले प्रत्यक्ष काम शिक्षणाचाच भाग आहे. मराठवाड्यातल्या मुलामुलींना आता त्यासाठी माटुंग्याला यावे लागत नाही.