कावेरीकाठी सायकल

तंजावूरला बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख पाहाच. पण दुसऱ्या दिवशी पहाटे सायकल काढा. संगीतकार त्यागराजांचं तिरुवैयारू उत्तरेला जेमतेम 13 किलोमीटर. वाटेत वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी या नद्या ओलांडत कावेरी गाठायची. मुलूख सपाट, चढ काय तो पुलापुरता! मुख्य रस्त्यावर बसगाड्या भरधाव जातात, तेव्हा जमेल तिथे कालव्याच्या बांधावरची वाट धरा. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला भातशेती. वाट चुकू नये म्हणून बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये सायकलवाटांच्या फाट्यांना क्रमांक दिलेत, परका माणूसही चुकत नाही. इथे तशा पाट्या लागायलाच हव्यात. जानेवारी-फेब्रुवारीत हवा उत्तम, पण तेव्हाच कापणी असते आणि डांबरावर साळी वाळत घातलेल्या असतात. तिथे सायकलवरून उतरा. साळींवरून चाक नेऊ नका.