दाखला, तारीख आणि मुंबईतली एक खोली

(देवनार येथे विद्यार्थी साहाय्य निधीच्या सभेत केलेले भाषण, वाचकांसाठी थोडे संक्षिप्त करून.)



मला विषय दिला आहे तो असा : आदिवासी ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती, इंटर्नशिप आणि नोकरी. योजनांची नावं वाचून दाखवायला लागले तर अर्धा तास सहज जाईल आणि तुम्ही निम्मे डुलक्या घ्याल. म्हणून यादी बाजूला ठेवते. ती छापून मागच्या टेबलावर ठेवली आहे. मी स्वतः डहाणू तालुक्यातली वारली. याच देवनारात समाजकार्य शिकले आणि गेली नऊ वर्षं मुलांचे अर्ज भरून देते. या कामात मी हेच पाहिलं, की आपली मुलं अडतात ती तीन जागी. कागद मिळत नाहीत, तारीख निघून जाते, आणि पैसे मंजूर होऊनही हातात पडेपर्यंतचे महिने निभत नाहीत. सरकारी योजना या तीन गोष्टी करत नाही. त्या आपल्यालाच कराव्या लागतात.

देवनार म्हटलं की मुंबईकराला कचराडेपो आठवतो, नाहीतर कत्तलखाना. आपण बसलोय तिथून थोड्या अंतरावर टाटा समाजविज्ञान संस्था आहे, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक असतं. पण ती संस्था सुरू कुणी केली ते विचारलं तर सभा गप्प होते. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट भायखळ्याजवळ नागपाड्यात वस्तीचं काम करत होते. त्यांच्याच पुढाकारानं आणि टाटा ट्रस्टच्या पैशानं १९३६ साली नागपाड्यात समाजकार्याची शाळा निघाली. १९४४ मध्ये तिला आजचं नाव मिळालं आणि १९५४ मध्ये ती देवनारला आली. म्हणजे जिच्या फाटकाशी आपली मुलं आज बुजून उभी राहतात, ती संस्था आपल्याच घरातल्या एका माणसानं लावलेलं झाड आहे. एवढं मुलांना सांगा. फाटकातून आत जाताना पाय थोडे कमी लटपटतील.

आता कागदाकडे येते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच आहे.

गावात अजून एक समज पक्का आहे : बाप्तिस्मा घेतला की आदिवासीचे हक्क गेले. काही घरांत तर भीतीपोटी मुलांचे दाखलेच काढलेले नाहीत. कायदा काय म्हणतो ते ऐका. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे; सुरुवातीला फक्त हिंदू, पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती नाहीत. अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी अट नाही. वारली, कातकरी, कोकणा कुटुंब ख्रिस्ती झालं म्हणून जमातीतून आपोआप बाहेर पडत नाही. केरळच्या एका खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयानंही हेच धरलं, मात्र त्याला जोडून सांगितलं, की त्या माणसाचा जमातीशी संबंध टिकून आहे की नाही हे पुराव्यानं ठरेल. हे दुसरं वाक्य विसरू नका. आपल्या दलित ख्रिस्ती भावंडांची वाट वेगळी आणि अधिक खडतर आहे, त्यांच्याविषयी स्वतंत्र सभा घ्यायला हवी.

तर पुरावा. नुसता प्रांतसाहेबांच्या सहीचा जमातीचा दाखला पुरत नाही. राखीव जागेवर इंजिनीअरिंग, मेडिकलसारखा प्रवेश घ्यायचा किंवा नोकरी धरायची तर तपासणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं, ज्याला आपण सगळे 'व्हॅलिडिटी' म्हणतो. समिती मागते ते जुने कागद, शक्यतो ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे, कारण अनुसूचित जमातींचा आदेश त्या दिवशी निघाला. आता ज्याच्या आज्यानं शाळेचं तोंड पाहिलं नाही, त्यानं १९५० पूर्वीचा कागद आणायचा कुठून?

शोधला तर बरेचदा मिळतो. आज्याचा नाही तर आज्याच्या भावाचा मिळतो. तहसील कचेरीत कोतवाल बुक असतं, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. आणि आपल्या जुन्या मिशन शाळांची जनरल रजिस्टरं आहेत! माझ्या आज्याची तिसरीतली नोंद अशाच एका बंद पडलेल्या शाळेच्या रजिस्टरात निघाली. नावापुढे जात 'वारली', शाई फिकी, पण वाचता येत होती. त्या एका ओळीवर आमच्या घरात माझी, माझ्या भावाची आणि दोन चुलत भावंडांची व्हॅलिडिटी झाली. बापाच्या बाजूच्या एका रक्तनातेवाइकाचं प्रमाणपत्र झालं, की पुढच्यांचं काम पुष्कळ हलकं होतं. म्हणून गावात पहिलं प्रमाणपत्र मिळवणं ही खरी लढाई.

काही रजिस्टरांत मात्र आपल्याच जुन्या मास्तरांनी जातीच्या रकान्यात नुसतं 'ख्रिस्ती' लिहून ठेवलं आहे. त्यांचा हेतू चांगलाच असणार, जात पुसायची होती त्यांना. पण आज त्या एका शब्दापायी पणतू अडतो. अशा वेळी ख्रिस्ती न झालेल्या चुलतघराण्याचे जिल्हा परिषदेच्या शाळेतले उतारे काढायचे आणि वंशावळ जोडायची. वंशावळ जुळवायला आपलं बाप्तिस्म्याचं रजिस्टर कामी येतं, त्यात बापाचं नाव असतं, गाव असतं. पाळकसाहेबांना माझी विनंती आहे, की ही रजिस्टरं कपाटातून बाहेर काढून त्यांची पानं मोबाइलवर का होईना, टिपून ठेवावीत. वाळवी थांबत नाही.

समितीचं दक्षता पथक कधी घरी येतं. देव कोणते, लग्न कसं लागतं, मयताचे विधी काय, असे प्रश्न होतात. आपली पोरं इथे घाबरतात. कुणी म्हणतं देवळात जातो असं सांग, कुणी म्हणतं गळ्यातला क्रूस काढ. खोटं बोलायचं कारण नाही. मुलीनं सांगावं, आम्ही प्रार्थनेला जातो. आणि हेही सांगावं, की आमच्या लग्नात चौक लिहितात, धवलेरी गाते, आजीनं मला ते दाखवलं आहे. पण आजीनं दाखवलं असेल तरच ती सांगणार ना? सुट्टीत मुलांना आजीपाशी बसवा. शिवाय मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच ठाकूर जमातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे, की चालीरीतींची ही परीक्षा म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. जुन्या कागदाचं वजन मोठं. कागद असेल तर पोरगी निर्धास्त उत्तर देते.

हे सगळं बारावीच्या निकालानंतर सुरू करून चालत नाही. अकरावीला कॉलेजात पाऊल ठेवलं की अर्ज टाकायचा.

आता एक प्रश्न मला दर वर्षी येतो : बाई, आम्ही अल्पसंख्याकही आणि आदिवासीही, मग दोन्ही शिष्यवृत्त्या मिळतील का? एका अभ्यासक्रमाला दोन सरकारी शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत. ज्याच्याकडे जमातीचा कागद आहे त्याला मी सांगते, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचाच अर्ज भर. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे आणि पात्र ठरलेल्याला ती मिळते, गुणांच्या यादीत वर येण्याची चुरस नसते. अल्पसंख्याकांच्या शिष्यवृत्तीत ठरावीक जागा असतात, आणि ते दार गेल्या काही वर्षांत अरुंद होत चाललं आहे. २०२२ मध्ये पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद झाली, त्याच वर्षी संशोधन करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिपही गेली. जमातीच्या बाजूला पीएचडीसाठी वर्षाला ७५० राष्ट्रीय फेलोशिप आहेत. परदेशी शिक्षणासाठी केंद्राच्या २० जागा आहेत, त्यातल्या ३ अतिमागास आदिम जमातींसाठी. आपले कातकरी त्यात बसतात. पण त्यासाठी आधी कातकरी पोर पदवीधर व्हायला हवं.

आणि पैसे मंजूर झाल्यानंतरची गोष्ट तर कुणी बोलतच नाही. प्रवेशाच्या दिवशी फी भरायची असते, शिष्यवृत्ती खात्यावर येते कित्येक महिन्यांनी. कधी पुढलं वर्ष उजाडतं. आधार खात्याला जोडलेलं नाही, नावात एक वेलांटी वेगळी, एवढ्यावरून अर्ज परत फिरतो आणि पोरगी गावी असते, तिथे रेंज नाही. तोवर खानावळीचं काय? २०१८ च्या फेब्रुवारीत इथल्याच टाटा संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी वर्ग बंद ठेवले होते, तेव्हा वादाचं मूळ हेच होतं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलांनी वसतिगृहाची आणि जेवणाची फी आधी स्वतः भरावी का, हा प्रश्न होता. तुळजापूर, गुवाहाटी, हैदराबादच्या शाखांतली मुलंही त्यात उतरली. बातम्यांत त्याला राजकारण म्हटलं गेलं. मला मात्र त्यात आमच्या जेवणाच्या डब्याचा हिशेब दिसत होता.

राज्याची स्वयम् योजना आहे, पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची. सरकारी आदिवासी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर तिचा आधार. योजना आली तेव्हा मुंबईसारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले : जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, वरखर्चाचे ८,०००. राहण्याचे महिन्याला सोळाशे साठ-सत्तर रुपये झाले. गोवंडी स्टेशनच्या आसपास तेवढ्यात खाट टाकायला कोपरा मिळाला तर मला जरूर कळवा.

म्हणून आपल्या निधीविषयी माझं स्पष्ट मत सांगते. वर्षाच्या शेवटी गुणवंतांना पाचशे-हजाराची पाकिटं आणि पेला देण्यापेक्षा जून ते डिसेंबर फी आणि खानावळ पुढे भरावी, आणि शिष्यवृत्ती जमा झाली की मुलानं ती परत करावी. तेच पैसे पुढच्या वर्षी दुसऱ्याला. गेली चार वर्षं आम्ही अकरा मुलांसाठी लहान प्रमाणावर हे करतोय. नऊ जणांनी पूर्ण परत केले, एक जण हप्त्यानं देतोय, आणि एकीची शिष्यवृत्तीच नामंजूर झाली, तिच्याकडे मागायचं नाही असं ठरवलं. फोटो काढायला यात काही नाही, हे कबूल.

इंटर्नशिपचं तर याहून अवघड. चांगल्या संस्था, वर्तमानपत्रं, वकिलांची कार्यालयं दोन-तीन महिने काम शिकवतात, बहुतेक ठिकाणी बिनपगारी. ज्याचं घर मुंबईत आहे तो शिकतो. तलासरीचा पोरगा हुशार असूनही अर्जच करत नाही, कारण राहायचं कुठे? अलीकडे पैसे देणाऱ्या योजना निघाल्या. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा महिन्याला बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० असे दर ठरले. आयटीआयच्या मुलांसाठी मी अप्रेंटिसशिपच आधी सुचवते. १९६१ च्या कायद्यानं तिथे विद्यावेतन द्यावंच लागतं आणि जमातींसाठी जागा राखून ठेवाव्या लागतात. माझगाव डॉक, रेल्वे, चेंबूरचं आरसीएफ यांच्या जाहिराती निघतात. शेवटची तारीख उलटून गेल्यावर त्या आपल्या व्हॉट्सअॅपवर फिरतात. कुणीतरी तरुणानं दर सोमवारी त्या पाहून गावच्या गटात टाकाव्यात, एवढं एक काम कुणी अंगावर घेईल का?

रांचीजवळचा एक मुंडा मुलगा मिशनच्या शाळेत शिकत होता. त्याच्या प्राचार्यांनी, कॅनन कॉसग्रेव्ह यांनी, त्याला आपल्याबरोबर विलायतेला नेलं आणि तो ऑक्सफर्डला शिकला. तेच जयपालसिंग १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये हॉकी संघाचे कप्तान झाले आणि पुढे घटना समितीत आदिवासींच्या बाजूनं उभे राहिले. आपल्याला कुणाला विलायतेला न्यायचं नाही. चेंबूर, मुलुंड, अंधेरीला ज्यांच्या घरी एक खोली रिकामी आहे, मुलगा दुबईला आहे, मुलगी लग्न होऊन गेली आहे, त्यांनी मे आणि जून असे दोन महिने एका मुलीला जागा द्यावी. ती भाकरी स्वतः करील, आणि भांडी तिच्याकडून घासून घेऊ नयेत एवढी माझी अट आहे. नावं नोंदवायची वही सिस्टरांकडे आहे.

वेळ झाली, पाळकसाहेब घड्याळ पाहताहेत. मुलांनो, चहा झाला की मागच्या टेबलापाशी या. आधार, शाळा सोडल्याचा दाखला, बँकेचं पासबुक आणलं असेल ते काढून ठेवा, आणि कागदावर बापाचं, आज्याचं, आज्याच्या बापाचं नाव आणि मूळ पाडा लिहा. ज्याला आज्याच्या बापाचं नाव ठाऊक नाही, त्यानं आत्ताच अंगणात जाऊन घरी फोन लावावा.