पडसं उतरलं, मग ताप पुन्हा का आला?

आज गटाच्या हिशोबाचं किंवा शेळीच्या कर्जाचं काही बोलणार नाही. आमच्याच गटातल्या एका लेकराची गोष्ट सांगायची आहे. त्याच्या आईनं सांगू दिली म्हणून सांगतो, नावं मात्र घेणार नाही.

पोरगी तेव्हा दीड वर्षाची. दूध पिताना दमायची, कपाळाला घाम यायचा, वजन हटून बसलेलं. अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं, डॉक्टरांनी छाती ऐकली आणि जिल्ह्याला पाठवलं. तिथं एको झाला. हृदयाला छिद्र आहे, थोडं वजन वाढू द्या, मग ऑपरेशन करू, असं ठरलं. फाईल मिळाली. आईनं ती लुगड्याच्या घडीत घालून लोखंडी पेटीत ठेवली. दिवाळी झाली आणि घरदार कोयत्याला कर्नाटकात गेलं. पेटी इथं, लेकरू तिथं.

पौषातल्या थंडीत त्या कोप्यांमध्ये सगळ्यांनाच पडसं झालं. पोरीलाही झालं. चार दिवसांनी ताप उतरला, खेळायला लागली. आईनं आम्हाला फोन केला. आम्हीच म्हणालो, "उतरलं बघ, आता घाबरू नको." हे आमचं वाक्य आम्हाला अजून टोचतं. दोन दिवसांनी ताप परत चढला. पोरगी अंगावर पिईना, पोट उडायला लागलं. गाडी भरल्याशिवाय वाहन मिळेना. शेवटी दवाखाना गाठला, तिथं डॉक्टरांनी विचारलं, आधी काही आजार? बापानं सांगितलं, "काही नाही, जरा अशक्त आहे." साध्या खोकल्याचं औषध घेऊन परत आले. रात्री ओठ निळे पडले. मग मोठ्या दवाखान्यात नऊ दिवस नळीवर. पोरगी वाचली.

नंतर आम्ही एकमेकींना विचारलं, की उतरलेलं दुखणं परत आलं कसं? आपल्या आजेसासवा मानमोडीच्या तापाचं सांगायच्या, आठवतं का? १९१८ साली तो मुंबई बंदरातून आला आणि गावंच्या गावं ओस पडली. पुढं खूप वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्या साथीत गेलेल्यांच्या फुफ्फुसांचे जपून ठेवलेले तुकडे तपासले. तेव्हा दिसलं की त्यातल्या बहुतेकांच्या फुफ्फुसात तापाच्या विषाणूमागून दुसरे जंतू, म्हणजे जिवाणू शिरले होते.

आपल्या श्वासनळीच्या आत बारीक लव असते. घाण, कफ वर ढकलत राहणं हे तिचं काम. जणू घरातली केरसुणीच. फ्लू, गोवर किंवा साध्या पडशाचा विषाणू ही लव जाळून टाकतो. नाका-घशात काही जिवाणू एरवीही बसलेले असतात, निरुपद्रवी पाहुण्यासारखे. केरसुणी गेली की तेच खाली उतरतात आणि न्युमोनिया करतात. धडधाकट लेकरू बहुतेक वेळा यातून निभावतं. पण ज्याला आधीच काही आहे, त्याला हा दुसरा मार झेपत नाही. छिद्र असलेल्या हृदयातून फुफ्फुसात रक्त जास्त जातं, म्हणजे ते रान आधीच पाणथळ. त्यात आणखी पाऊस.

मुंबईत २०२२ च्या हिवाळ्याच्या तोंडाला गोवंडीच्या वस्त्यांमध्ये गोवराची साथ आली, ती बातमी तुम्ही ऐकली असेल. दहाहून जास्त लेकरं गेली. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली पुष्कळ होती. गोवर म्हणजे देवीचा फेरा, अंगावर फुटला की झालं, असं आपण समजतो. पण गोवरात लेकरू जातं ते बहुतेकदा मागून आलेल्या न्युमोनियानं. गोवर अंगातली ताकदच पुसून टाकतो, आणि ती परत यायला महिने लागतात. कुपोषित लेकराकडं तर पुसायलाही फारसं नसतं.

आता कुणाची लेकरं जास्त जपायची? हृदयाला छिद्र असलेली. महिन्याआधी जन्मलेली, कमी वजनाची. दम्याची. घरात कुणाला टीबी आहे अशी. आणि दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या आत असलेली, ज्यांना अंगणवाडीताई पट्टी लावून लाल रंग दाखवते. या शेवटच्यांबद्दल एक गोष्ट नीट ऐका. अती कुपोषित लेकराला न्युमोनिया झाला तरी ताप येईलच असं नाही. उलट अंग गार पडतं, लेकरू गप्प होतं, खायचं सोडतं. "ताप नाही, मग काय बघायचं" असं म्हणून आपण थांबतो आणि तिथंच घात होतो.

दम्याचं थोडं वेगळं आहे. पडशानं दमा उसळतो, छातीत शिट्टी वाजते, तो प्रत्येक वेळी न्युमोनिया नसतो. डॉक्टरांनी पंप दिला असेल तर तो द्या. पंपाची सवय लागते, पोरीला दिला तर लग्नाला अडचण येते, हे बोलणं आम्ही गटात फार ऐकलं. आता ते ऐकून घेत नाही.

आणि टीबी. घरात कुणाला फुफ्फुसाचा टीबी निघाला तर पाच वर्षांखालच्या लेकराची तपासणी करा. टीबी नसला तरी तो होऊ नये म्हणून औषध देतात, तेही फुकट. रोग लपवण्यात लेकराचं नुकसान आहे.

शेळी धापा टाकायला लागली की आपल्याला लांबून कळतं. उस्मानाबादी शेळी राखणाऱ्या आपण बाया, तिच्या बरगड्या आपण मोजतो. तशाच लेकराच्या मोजायच्या. हे काम शिकलेल्यांचंच आहे असं समजू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८८ पासून गावातल्या कार्यकर्त्यांना आणि अक्षर न येणाऱ्या सुईणींनाही न्युमोनिया ओळखायला शिकवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी, दहा श्वासाला एक मणी, असं साधन त्यांनी केलं. १९९० साली त्यांनी आकडे छापले. जिथं हे काम चाललं तिथं पाच वर्षांखालच्या हजार लेकरांमागं न्युमोनियाचे मृत्यू ८.१ होते आणि शेजारच्या, काम नसलेल्या भागात १७.५. आपल्याकडं अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावच्याच बायांना भारतवैद्य म्हणून तयार केलं, ते तुळजापूर तालुक्यातल्या मैत्रिणींना सांगायला नको.

मोजायचं असं. लेकरू रडत नसावं, पीत नसावं. अंगडं वर करा. मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावा, अर्धं मोजून दुप्पट करू नका. पोट वर आलं की एक. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त भरले तर श्वास जलद आहे, त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना छातीखालचा भाग आत ओढला जात असेल, कण्हत असेल, पीत नसेल, झटके आले, ओठ निळे झाले, उठवूनही उठत नसेल, तर मोजत बसू नका. १०८ लावा. आणि आधीचा आजार असलेल्या लेकराचा आकडा कमी भरला तरी ते मलूल दिसतंय असं तुम्हाला वाटलं, तर तेवढं पुरे आहे. आईला वाटणं हेही लक्षणच आहे.

ताप उतरून दोन दिवसांनी परत चढला, तर ते नवं दुखणं समजा. मागची बाटली फडताळातून काढू नका. डॉक्टर पहिल्या दिवशी प्रतिजैविक देत नाहीत आणि पाचव्या दिवशी देतात, तेव्हा बाया म्हणतात, आधीच दिलं असतं तर! पण विषाणूवर ते औषध चालत नाही, जिवाणूवर चालतं. म्हणून पुन्हा दाखवायला जायचं असतं. दुकानातून खोकल्याचं औषध तर अजिबात आणू नका. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडं विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधानं लेकरांची मूत्रपिंडं निकामी झाली, कितीतरी दगावली. त्यातली बरीच नागपुरात उपचाराला आणली होती. नाकात तेल-तूप सोडणंही बंद करा, ते फुफ्फुसात उतरतं. पोटावर डाग देणं तर पापच.

धुराचं काय सांगावं. चूल नको, गॅस वापरा, हे सांगणं सोपं आहे, टाकी भरून कोण देतं? कोपीत तर प्रश्नच नाही. निदान चूल बाहेर घ्या, आणि सैंपाक होईस्तोवर लेकरू दुसरीकडं.

लसीचं कार्ड देशात कुठंही चालतं, कारखान्यावरही. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची पेंटा, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना न्युमोनियाची पीसीव्ही, नऊ महिन्यांना आणि दीड वर्षाच्या सुमाराला गोवराची. चुकली असेल तर आशाताईला विचारा, पुढं काय देता येतं ते ती सांगेल. फ्लूची लस सरकारी नेहमीच्या यादीत नाही, पण छिद्राच्या, दम्याच्या लेकरासाठी घ्यावी का हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आमच्या गटानं यंदा एक केलं. कोयत्याला जाणाऱ्या घरांतल्या अशा लेकरांच्या फाईलींचे फोटो आईच्या, बापाच्या आणि गटाच्या अध्यक्षांच्या मोबाईलात घेतले. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत दिले, पेटीत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं: "माझ्या लेकराच्या हृदयाला छिद्र आहे, आधी हे बघा." एका आईला ते कानडीतही शिकवलं. हसू आलं, पण शिकली.

त्या पोरीचं वजन आता साडेनऊ किलो आहे. ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. यंदा तिची आई तोडीला जाणार नाही. उचल मात्र उन्हाळ्यातच घेतलेली आहे, ती कशी फेडायची यावर येत्या मंगळवारी आम्ही गटात बसणार आहोत.