झोपेतल्या आकडीची नोंद



लहान मुलांना झोपेत येणारी आकडी, म्हणजेच अपस्मार, या दुर्लक्षित विषयावर आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत. दिवसा आकडी आली तर दहा माणसे धावून येतात. रात्री सारे घर झोपलेले असते. सकाळी उशी लाळेने ओली दिसते, मूल सुस्त असते आणि आपण त्याला आळशी ठरवतो. कोणी बाहेरची बाधा म्हणतो, कोणी कांदा हुंगवतो. यात मुलाच्या शिक्षणाची वर्षे वाया जातात.

रोलँडिक अपस्मार बहुधा ३ ते १४ या वयात सुरू होतो. झोप लागल्यावर किंवा पहाटे चेहऱ्याची एक बाजू ओढली जाते, लाळ गळते, शुद्ध असूनही बोलता येत नाही. बहुतेक मुले सोळाव्या वर्षापर्यंत त्यातून मोकळी होतात. काही मुलांत मात्र आकडी दिसतही नाही. झोपेत मेंदूत विकृत लहरी उठत राहतात आणि शिकलेली भाषा हरपते. लँडाऊ व क्लेफनर यांनी १९५७ साली वाचा हरपलेल्या अशा मुलांचे वर्णन केले.

जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूच्या लहरी प्रथम नोंदवल्या. तीच आजची ईईजी तपासणी. परंतु जागेपणी काढलेला आलेख निर्दोष येऊ शकतो, म्हणून डॉक्टर झोपेतला आलेख मागतात. आता कानामागे वा कपाळावर चिकटवण्याची छोटी यंत्रे निघाली आहेत. ती घरीच रात्रभर लहरी टिपतात. औषध लागू पडते की नाही, हे पाहण्यास त्यांची मदत होते. मात्र रुग्णालयात डोक्याला वीसेक तारा लावतात, येथे मोजक्याच. त्यामुळे काही भाग नजरेआड राहतो. निदान तज्ज्ञानेच करावे. मनगटावरचे साधे घड्याळ तर मेंदूच्या लहरी मोजतच नाही.

आम्ही बँकेतली माणसे नोंदीवाचून हिशेब मानत नाही. यंत्र परवडत नसेल तर वही ठेवा: तारीख, वेळ, किती मिनिटे. शक्य असल्यास मोबाइलवर चित्रण करा. आकडी आली की मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका. ५ मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालय गाठा. औषध मनाने बंद करू नका.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गातला सोबती अचानक मागे पडू लागला तर त्याला 'ढ' म्हणू नका. शिक्षकांच्या कानावर घाला. कदाचित त्याची रात्र कोणी पाहिलेलीच नसेल.