झटक्यांची जबानी



अर्बुद म्हटले की हाताला लागणारी गाठच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु आज ज्या विरळा अर्बुदांविषयी मी बोलणार आहे, ती बहुधा पोटात खोल दडलेली असतात, आणि रक्तात सोडलेल्या संप्रेरकांवाचून त्यांचा मागमूसही लागत नाही. त्यांपैकी फिओक्रोमोसायटोमा हे, मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली व वजनाने अवघी चार-पाच ग्रॅम भरणारी जी अधिवृक्क ग्रंथी, तिच्या गाभ्यात उपजते आणि संकटसमयी खर्चावयाचे ॲड्रेनलिन व नॉरॲड्रेनलिन वेळी-अवेळी रक्तात ओतू लागते.

कर्जत-खालापूरकडे भातलावणीला वाकलेली एखादी बाई डोळ्यांपुढे आणा. पोटावर दाब येताच तिचे डोके ठणकू लागते, छाती धडधडते, भर पावसात अंग घामाने निथळते, चेहरा पांढराफटक पडतो; आणि थोड्या वेळाने सारे निवळते. दवाखान्यात पोचेतो रक्तदाब पूर्ववत झालेला असतो, मग कोणी धास्ती म्हणतो, कोणी बाहेरची बाधा. स्वादुपिंडात उपजून इन्सुलिन ओतणाऱ्या इन्सुलिनोमा या अर्बुदाचीही हीच गत: पहाटे उपाशीपोटी रोगी बरळतो, प्रसंगी फिट येते, आणि साखरपाणी पोटात जाताच भानावर येतो.

आपल्या रायगड जिल्ह्याला ॲड्रेनलिनचा हा कोप अपरिचित नाही. लाल विंचवाचे विष हीच द्रव्ये शरीरात उसळवते. हातपाय गार पडतात, घाम सुटतो, रक्तदाब चढतो, आणि पुढे फुप्फुसांत पाणी भरते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खेड्यातल्या रोग्यांच्या उशाशी बसून हा क्रम टिपला, आणि प्राझोसिन या साध्या गोळीचा गुण १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. त्याच जातीची औषधे फिओक्रोमोसायटोमाच्या रोग्याला शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस देतात. उलट, निव्वळ धडधड शमवावी म्हणून बीटा-रोधक गोळी आधी दिली, तर रक्तदाब भडकून जिवावर बेतू शकते.

दवाखान्यात पोचेतो झटका विरून गेलेला असतो, म्हणून नातेवाइकांची जबानी मी पहिली तपासणी मानतो. झटका किती वाजता आला, रोगी तेव्हा काय करीत होता, काही खाल्ले होते काय, रंग उडाला की लाल झाला, हा तपशील वहीत टिपावा आणि शक्य तर झटका चालू असतानाच रक्तदाब व रक्तातील साखर मोजवून घ्यावी. मग चोवीस तासांच्या लघवीतील मेटानेफ्रिन, म्हणजे ॲड्रेनलिनपासून शरीरात बनणारे द्रव्य, तपासता येते, त्यानंतर सीटी स्कॅन, आणि कर्जतहून लोकलने परळच्या केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयाची वाट धरता येते.

आणखी एक गोष्ट विसरू नये. फिओक्रोमोसायटोमा हे अर्बुद पुष्कळदा आनुवंशिक असते. तेव्हा एकाचे निदान झाले की त्याच्या भावंडांना व मुलाबाळांनाही तपासणीस न्यावे, मग त्यांची कसलीही तक्रार नसली तरी.